काही नवं आलं काय?

मुंबई-पुण्याहून निघालेलं पुस्तकांचं पार्सल अकोल्याला थेट फलाटावर उतरायचं. अमरावतीचं मात्र बडनेऱ्यापर्यंतच यायचं, कारण मुंबई-नागपूर लोहमार्ग अमरावतीला बाजूला ठेवून गेलेला आहे. बडनेऱ्याहून पुढचे नऊ-दहा किलोमीटर ते मिळेल त्या वाहनानं गाठायचं. काही पुस्तकं एसटीच्या टपावरूनही यायची. गोणपाटात शिवलेले, सुतळीनं आवळलेले ते गठ्ठे वाचनालयाच्या दारात पडले, की मूठभर लोकांना कुठून तरी सुगावा लागायचा आणि संध्याकाळी खिडकीशी विचारणा सुरू व्हायची : ‘काका, नवं काई आलं काय?’

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. ‘अमुक पुस्तक आहे का’ असं विचारणाऱ्याला ते पुस्तक आधीच ठाऊक असतं. ‘नवं काय आलं’ असं विचारणारा वाचनालयावर भरवसा टाकून उभा असतो. आपल्याला ज्याचं नावही माहीत नाही असं काहीतरी इथं आलेलं असेल, अशी त्याची खात्री असते. मी अकोल्यात वाढले, अमरावतीला शिकले, पुढे या दोन गावांच्या मध्येच नोकरी केली. तेवढ्या काळात या प्रश्नाला उत्तर मिळण्याची रीत पार बदलून गेली. मधली काही वर्षं तर उत्तरच मिळेनासं झालं होतं. ते पुन्हा कसं मिळू लागलं, हे सांगण्यासाठी आधी जुनी रीत सांगायला हवी.

वाचनालयं वऱ्हाडाला नवी नाहीत. अकोल्याचं बाबूजी देशमुख वाचनालय दीडशे वर्षांहून जुनं आहे. विदर्भ साहित्य संघ आज नागपूरचा म्हणून ओळखला जातो, पण त्याची स्थापना १९२३ साली अमरावतीत झाली. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला आणि अनुदानाची सोय झाल्यावर पेठापेठांत, तालुक्यातालुक्यांत वाचनालयं उभी राहिली. आमचं वाचनालय त्यांतलंच, पेठेतलं. एक मोठी खोली, वर्तमानपत्रांसाठी तिरपी टेबलं, आत कपाटं, मध्ये जाळीची खिडकी आणि तिच्यामागे आमचे ग्रंथपाल काका.

पार्सल फुटलं म्हणजे पुस्तक हाती आलं, असं नव्हतं. आधी बिलाशी ताडून पाहायचं. मग प्रत्येक पुस्तक दाखल रजिस्टरात चढायचं : क्रमांक, तारीख, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, पानं, किंमत, बिल नंबर. ते रजिस्टर मी जवळून पाहिलेलं आहे. आडवं, जाडजूड, लाल कापडी पाठीचं, आणि त्यात एकाच वळणाचं निळं अक्षर वर्षानुवर्षं चाललेलं. खाडाखोड दिसलीच तर शेजारी सही. क्रमांक पडला की शिक्के. एक शीर्षकपानावर आणि एक ‘गुप्त पानावर’. प्रत्येक वाचनालयाचं गुप्त पान ठरलेलं असतं. कुणी पहिली पानं फाडून पुस्तक विकायला काढलं, तरी आत कुठंतरी शिक्का आणि दाखल क्रमांक राहावा, अशी ती योजना. मग मागच्या पुठ्ठ्याला आतून खिसा, समोर तारखांची पट्टी, पाठीवर क्रमांकाचा कागद. पातळ कव्हराच्या कादंबऱ्या आधीच बाइंडरकडे जायच्या, कारण पन्नास घरं फिरून येण्याचा टिकाऊपणा त्यांच्यात नसे. बाइंडरकडून पुस्तक परत आलं, की त्याचं देखणं मुखपृष्ठ गेलेलं आणि अंगावर मातकट पुठ्ठा. तरी त्यालाही नव्या खळीचा वास असायचा आणि तो आम्हाला आवडायचा.

हे सगळं पार पडल्यावर फळा. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला तो टांगलेला असायचा. वर रंगानं कायमचं लिहिलेलं : ‘नवीन दाखल पुस्तके’. खाली खडूनं नाव आणि लेखक. जागा जेमतेम पंधरा-वीस नावांची. पुढचा गठ्ठा आला की ओल्या फडक्यानं आधीची नावं पुसली जायची. त्या मधल्या दिवसांत जो आला नाही, त्याच्यापुरती ती पुस्तकं कपाटात मिसळून गेली. पुन्हा शोधायची तर हातानं लिहिलेल्या यादीची चोपडी चाळायची, नाहीतर काकांना विचारायचं.

आई स्वतः वाचनालयात येत नसे. घरचं उरकून तिला वेळ मिळायचा तो भर दुपारी, आणि दुपारी वाचनालय बंद. संध्याकाळी त्या बाकांवर वर्तमानपत्रं वाचत पुरुष बसलेले असायचे. तिथे जाऊन बसायची पद्धत पेठेतल्या बायकांत तेव्हा नव्हती. म्हणून ती मला पाठवायची. कापडी पिशवीत वाचून झालेली दोन पुस्तकं, एक मासिक आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत दोन-तीन नावं आणि शेवटी नेहमीची ओळ, यांपैकी नसल्यास नवीन आलेलं काही द्यावे. काका चष्मा वर करून चिठ्ठी वाचत. मग इकडेतिकडे पाहून टेबलाखाली हात घालत. ‘हे घेऊन जाय. फळ्यावर लिवलं नाई अजून. आईले सांग, आठ दिसात वापस पाह्यजे बापा.’

मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. आईला कुठलं पुस्तक रुचेल हे काकांना बरोबर कळायचं. ऐतिहासिक कादंबरी तिला नको असे. घरातल्या माणसांच्या गोष्टी हव्या असत, आणि वऱ्हाडातलं काही असलं तर सगळ्यात आधी. उद्धव शेळक्यांची १९६० सालची ‘धग’ तिनं किती वेळा नेली असेल! मनोहर तल्हारांची ‘माणूस’ तिच्या हाती काकांनीच ठेवली. यादी, फळा, जाहिरात यांतलं काही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. पोचत होता तो एक माणूस, ज्यानं तिला कधी धड पाहिलंही नव्हतं, नुसत्या चिठ्ठ्यांवरून ओळखलं होतं.

पण टेबलाखालच्या त्या जागेची दुसरी बाजू मला पुढे दिसू लागली. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ साली आली. आमच्याकडे तिची प्रत पोचली तेव्हा ती फळ्यावर चढण्याआधीच नंबर लागले होते. नंबर कुणाचे? वकीलसाहेब, डॉक्टर, प्राध्यापक, कार्यकारिणीतले सभासद. वर्गणी सगळ्यांची सारखी, अनामत सारखी, पण नवं पुस्तक आल्याची खबर सगळ्यांना सारखी मिळत नव्हती. पातूरहून, बार्शीटाकळीहून आठवड्यातून एकदा येणारे शिक्षक असत. त्यांना फळ्यावर जे दिसे ते आधीच कुणाच्या तरी घरी गेलेलं असे. ज्या घरात चिठ्ठी घेऊन धावणारं पोर नव्हतं, त्या घरातल्या बाईला तर काहीच कळत नसे. काका चांगले होते आणि पुस्तकावर त्यांचं प्रेम होतं, यात शंका नाही. पण एका माणसाच्या स्मरणात जेवढे वाचक मावतात तेवढ्यांनाच ते प्रेम पुरतं. जुन्या दिवसांबद्दल बोलताना हे आपण सहसा गाळतो, आणि ते गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि काकांना तरी नव्या पुस्तकांची खबर कुठून मिळायची? कोठावळ्यांच्या ‘मॅजेस्टिक’नं जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ हे मासिक सुरू केलं, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाचनालयांची खरेदी बरीचशी त्यावर ठरू लागली. त्यातल्या जाहिराती आणि आगामी पुस्तकांच्या बातम्या काका तांबड्या पेन्सिलीनं खुणा करत वाचत. मासिकांच्या शेवटच्या पानांवर ‘साभार पोच’ असे, नुसती नावं, प्रकाशक आणि किंमत. त्या दोन ओळींवरूनही मागणीपत्र जाई. त्याआधीचं पाहायचं तर शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’. १८०० पासून १९३७ पर्यंतची आणि दुसऱ्या खंडात १९५० पर्यंतची मराठी पुस्तकं त्यांनी नोंदवली. एवढं काम एका माणसानं जिद्दीनं उभं केलं, हे आजही आश्चर्याचंच वाटतं. १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे प्रत पाठवणं बंधनकारक झालं आणि त्यावरून राष्ट्रीय ग्रंथसूची निघू लागली. १९६२ पासून अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’चं दिल्लीतलं कार्यालय भारतीय भाषांमधली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवू लागलं. त्यांत मराठी होती, आणि घेतलेल्या पुस्तकांची यादी छापून जायची. म्हणजे अमरावतीत छापलेल्या एखाद्या पुस्तकाची नोंद शिकागोच्या ग्रंथपालाच्या टेबलावर छापील यादीत असायची आणि मूर्तिजापूरच्या वाचकाला मात्र ते निघाल्याचा पत्ता नसायचा. नवी पुस्तकं कळवण्याची व्यवस्था जगात होती. ती ग्रंथपालापर्यंत येऊन थांबत होती.

अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला स्थापन झालं. संत गाडगेबाबांचं नाव त्याला पुढे मिळालं. मी अमरावतीत शिकत होते ते तालिकापत्रांचे दिवस. लाकडी कपाटाचे लहान लहान कप्पे, प्रत्येकात तीन बाय पाच इंचांची पत्रं, खालच्या भोकातून आरपार गेलेली पितळी सळई. एका पुस्तकाला लेखकाचं एक पत्र, नावाचं एक, विषयाची एक-दोन. सगळी टंकलिखित, आणि मराठीची बऱ्याचदा हातानं लिहिलेली. कोपऱ्यात वर्गांक. मराठी साहित्य ८९१.४६, त्याला ३ जोडला की कादंबरी, १ जोडला की कविता. हे आकडे आम्हाला आपल्या रोल नंबरासारखे पाठ होते. इतकी पत्रं तयार करून जागच्या जागी लावायची तर वेळ लागणारच. म्हणून नवी पुस्तकं आठवडाभर ‘नवागत’च्या मांडणीवर ठेवत आणि महिन्याची यादी सायक्लोस्टाइल करून विभागाविभागांच्या सूचनाफलकांवर लावत. जांभळट शाईचे, जरा तिरके छापलेले ते कागद उभ्यानं वाचताना मागून कुणीतरी नेहमी म्हणायचं, ‘सरक ना जराशी, मलेही पाहू दे.’ खिडकीपेक्षा ही व्यवस्था मला अधिक न्याय्य वाटली. कागद सगळ्यांसाठी एकच होता.

मग संगणक आले. नागपूरच्या मास्टरसॉफ्टचं ‘लिबमॅन’ हे ग्रंथालयांसाठीचं सॉफ्टवेअर विदर्भातल्या अनेक महाविद्यालयांनी घेतलं. इन्फ्लिबनेटचं ‘सोल’ २००० साली आलं. पत्रांची कपाटं एकेक करून व्हरांड्यात गेली, तिथून भांडारात. शोधणं सोपं झालं, याबद्दल वाद नाही. लेखकाचं नाव टाका, क्षणात पुस्तक, प्रत आणि ते कुणाकडे गेलंय का तेही. पण पडद्यावरची ती रिकामी चौकट आधी विचारते, काय हवं? ज्याला ठाऊक आहे त्याला ती सगळं देते, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला काहीच देत नाही. जागा नाही म्हणून नवागतची मांडणी आक्रसली, संगणकावर सगळं आहेच म्हणून महिन्याची यादी बंद पडली. फळे तर केव्हाच उतरले होते. पुस्तकं येत राहिली, पण ती आल्याची खबर नाहीशी झाली. त्या वर्षांत मी ग्रंथालयात कमी जाऊ लागले आणि त्याचं कारण मला कितीतरी दिवस उमगलं नाही.

त्या सुमारास जगात दुसरीकडे एक साधी सोय तयार झाली होती. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत रामनाथन गुहा आणि डॅन लिब्बी यांनी तिचा पहिला आराखडा केला. गुहा आपल्या मद्रास आयआयटीचे. पुढच्या वर्षी निघालेल्या सुधारित आवृत्तीच्या कर्त्यांमध्ये एरन स्वार्ट्झ हा चौदा वर्षांचा मुलगाही होता. आरएसएस हे तिचं तांत्रिक नाव, बोलताना नुसतं फीड म्हणतात. ती एक लहानशी फाइल असते. तिच्यात नव्या नोंदी ओळीनं मांडलेल्या असतात : नाव, दुवा, चार ओळींचं वर्णन, तारीख. आपल्या फोनवरचा किंवा संगणकावरचा फीड वाचणारा प्रोग्रॅम दर काही तासांनी त्या फाइलकडे फेरी मारतो, आधी न पाहिलेली नोंद दिसली की आपल्यापुढे आणून ठेवतो. दुधाचा रतीब लावावा तसं आहे ते. एकदा सांगितलं की रोज दारात येतं, नको झालं की बंद करता येतं, आणि आपण घरात कोण किती पितो याची चौकशी दूधवाला करत नाही. फीडसाठी नाव-पत्ता, ई-मेल, मोबाइल नंबर यांतलं काही द्यावं लागत नाही. काय वर दाखवायचं आणि काय दडवायचं हे कुणी कंपनी आपल्या वतीनं ठरवत नाही. आलं त्या क्रमानं, आलं तेवढं.

ग्रंथालयांच्या तालिकेत ही सोय शिरली ती मला ‘कोहा’मुळे कळली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयाची जुनी संगणकप्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. नवी विकत घेणं महाग, म्हणून त्यांनी स्वतःच करून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि सगळ्यांना फुकट वापरायला खुली केली गेली. एका लहान गावाच्या गरजेतून निघालेली ही प्रणाली आज भारतातल्या कितीतरी महाविद्यालयांत आणि संस्थांत चालते. कोहाच्या तालिकेत काही शोधलं, की निकालांच्या वर एक छोटी नारिंगी खूण दिसते. दोन वाकड्या रेघा आणि एक ठिपका. त्या खुणेमागचा पत्ता आपल्या फीड वाचकात टाकायचा, की तोच शोध कायमचा चालू राहतो. त्या विषयाचं पुस्तक दाखल झालं की नोंद आपोआप समोर येते. म्हणजे फळा तर परत आलाच, शिवाय हवा त्या विषयाचा फळा आपला आपण टांगता येऊ लागला.

मी पहिला फीड लावला तो ‘कापूस’ या विषयाचा. घरी शेती, त्यामुळे असेल. दुसरा ८९१.४६३ चा, सवयीनं. तेव्हा बहुतेक जण ‘गूगल रीडर’ वापरत. १ जुलै २०१३ ला तो बंद झाला तेव्हा फीडचा जमाना सरला असं पुष्कळांनी म्हटलं. पण तो फक्त वाचण्याचा एक प्रोग्रॅम होता, फीड ग्रंथालयाच्याच संगणकावर होते तसे राहिले. मी पत्त्यांची यादी दुसऱ्या वाचकात नेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदी पुन्हा आल्या.

आता त्या नोंदी कशा दिसतात ते सांगते, कारण फीडचं मोल तिथंच कळतं. वर्षभर नोंदी तुरळक येतात. अनुदानाचे पैसे हाती पडले आणि आर्थिक वर्ष संपत आलं, की मार्च महिन्यात धबधबा. एकाच सकाळी शंभर-सव्वाशे नावं. दिवाळी सरली की दिवाळी अंकांचा लोंढा. आणि मधूनच, ध्यानीमनी नसताना, जुनी पुस्तकं. पहिल्यांदा मला त्याचा उलगडा होईना. ‘नवीन’ म्हणून १९५८ ची कविता, १९६३ चा प्रवासवर्णनाचा खंड, बंद पडलेल्या मासिकाची वार्षिक बांधणी. मग लक्षात आलं, की संगणक प्रकाशनाचं साल पाहत नाही, दाखल तारीख पाहतो. कुणा निवृत्त शिक्षकाच्या घरच्यांनी त्यांचा संग्रह भेट दिलेला असतो, किंवा रजिस्टरात पडून राहिलेल्या जुन्या नोंदी ग्रंथपाल चिकाटीनं संगणकावर चढवत असतात. फळ्यावर अशा पुस्तकांना कधी जागा मिळाली नव्हती. ती गुपचूप कपाटात जायची आणि तिथंच पिवळी पडायची. फीडमध्ये त्यांनाही बाकीच्यांसारखी एक ओळ मिळते. माझी कितीतरी उत्तम वाचनं या ओळींतून निघालेली आहेत, आजच्या लोकप्रिय पुस्तकांपेक्षा अधिकच.

पण ती ओळ नीट उमटायची तर नोंद नीट हवी. आमच्या ‘वऱ्हाड’ या नावाचंच पाहा. यातला अर्धा ऱ संगणकावर निदान दोन तऱ्हांनी उमटतो. एक त्या अक्षरासाठी दिलेल्या स्वतंत्र चिन्हानं, दुसरी साध्या र ला हलन्त देऊन आणि मध्ये न दिसणारा जोडक टाकून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं. घाईत कुणी रफार देऊन टाकतं, ते तिसरं. मी पहिल्या तऱ्हेनं फीड लावला तर दुसऱ्या तऱ्हेनं नोंदवलेलं पुस्तक माझ्यापर्यंत येतच नाही. तीच गोष्ट गाडगेबाबांची. शेंडगावचे हे संत कुठं ‘गाडगेबाबा’, कुठं मध्ये जागा सोडून ‘गाडगे बाबा’, कुठं ‘गाडगे महाराज’. जाणता ग्रंथपाल एक रूप ठरवून बाकीची त्याकडे वळवतो आणि मग वाचकाचं काही चुकत नाही. जिथं तसं केलेलं नाही तिथं मला एकाच माणसासाठी तीन फीड लावावे लागलेत. त्याहून वाईट अवस्था जुन्या फाँटांमधल्या नोंदींची. युनिकोड यायच्या आधी ज्यांनी मेहनतीनं मराठी नोंदी केल्या, त्यांच्या याद्या आज फीडमध्ये रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होऊन येतात. कुणाच्या तरी कित्येक वर्षांच्या श्रमांची ती दशा पाहून जीव तुटतो. काही ठिकाणी मराठी पुस्तकं रोमन लिपीतच नोंदवलेली. तिथं शेळके शोधायचे तर एल घालायचा की आणखी काही, याचे अंदाज बांधत बसायचं.

म्हणून मला फीड हे काकांच्या कामाचंच पुढचं पाऊल वाटतं. निळ्या शाईत एकही रकाना न चुकवता लिहिणारा तो हात नसेल, तर फीडमध्ये येणार काय? काकांचं एक कसब मात्र त्यात नाही, आणि त्याची उणीव मला रोज जाणवते. आईच्या चिठ्ठीवरून तिला काय द्यावं हे ओळखणारं डोकं. फीड मी मागितलं तेच देतो. न मागितलेलं, पण मला लागणारं पुस्तक टेबलाखालून काढून पिशवीत घालणारं कुणी नाही. तिथं माणूसच लागतो. ज्या ग्रंथालयांत ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षं भरलेली नाही तिथं ना फीड चालतो, ना खिडकी.

पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयांनी अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपचे गट काढलेत. नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो त्यावर येतात. मला ते आवडतं. बाइंडरकडे जायच्या आधीचं ते देखणं मुखपृष्ठ निदान फोटोत तरी सगळ्यांना पाहायला मिळतं. आणि बायका त्यावर मोकळेपणानं लिहितात, ‘माझ्यासाठी ठेवाल का हो?’ माझ्या आईच्या पिढीला हे मिळालं नाही. पण दोन दिवसांनी ते फोटो सुप्रभातच्या संदेशांखाली गाडले जातात, आणि गटात नाही त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. ओल्या फडक्यानं पुसलेल्या नावांचं जे व्हायचं तेच त्यांचंही होतं. फीडमधली नोंद दोन वर्षांनीही सापडते, दुव्यावर बोट ठेवलं की पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय तेही कळतं.

अकोला जिल्ह्यात सात तालुके आहेत. अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळी आणि खुद्द अकोला. अमरावतीत चौदा, त्यांत धारणी-चिखलदऱ्याचा मेळघाट आला. या सगळ्या ठिकाणच्या शासनमान्य वाचनालयांनी आपापला संगणक वेगळा पोसण्याची गरज नाही. जिल्ह्याची मिळून एक तालिका असावी, तिच्यात जो तो आपल्या नोंदी भरेल, आणि तिचा फीड तालुक्यानुसार, विषयानुसार वाचकाला घेता येईल. तेल्हाऱ्यातल्या मुलीला पातूरला आलेलं पुस्तक त्याच दिवशी कळेल, आणि दोन वाचनालयांनी ठरवलं तर ते एसटीनं तिच्या गावीही येईल. कोहाला परवान्याचे पैसे पडत नाहीत. खर्च आहे तो संगणक सांभाळणाऱ्या एका माणसाचा आणि नोंदी करणाऱ्या हातांचा. ग्रंथालयशास्त्र शिकलेली मुलं-मुली दोन्ही जिल्ह्यांत आहेत आणि कामाच्या शोधात आहेत. सुरुवात दाखल रजिस्टराच्या शेवटच्या पाच वर्षांपासून करता येईल, सगळ्या नोंदी युनिकोडमध्ये आणि अर्ध्या ऱ साठी सगळीकडे एकच चिन्ह. त्याआधीची रजिस्टरं मागाहून, सवडीनं. ती चढू लागली, की आमच्या फीडमध्ये आणखी जुनी पुस्तकं येतील.